विजेला वाट करून देणारे वैद्य

गोव्याच्या दमट हवेत वाढलेल्या माणसाला लोकरी कपड्यांतली ठिणगी सहसा ठाऊक नसते. समुद्रावरून येणारा ओलावा इथे वर्षातले बहुतेक महिने हवेत असतो आणि कपड्यांवर, कातडीवर, लाकडावर पाण्याचा न दिसणारा पापुद्रा धरून राहतो. शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या निमित्ताने इंदूरला गेलेल्या गोमंतकीयाला मात्र पहिल्याच हिवाळ्यात तिचा परिचय होतो. जानेवारीच्या कोरड्या रात्री दिवा मालवून टेरिलीनच्या सदऱ्यावरचा लोकरी स्वेटर डोक्यावरून काढावा, तर तडतड असा बारीक आवाज होतो, अंधारात निळसर ठिणग्या चमकतात, केस उभे राहतात आणि पुढच्याच क्षणी दाराच्या कडीला लावलेला हात झटक्याने मागे येतो.

या ठिणगीचे आणि पावसाळी आभाळात कडाडणाऱ्या विजेचे कूळ एकच आहे. फरक आहे तो आकाराचा. इंदूरच्या इतिहासात एक काळ असा आला की, या कुळाशी शहराची गाठ नित्याची झाली. १८५४ साली आग्र्याहून मुंबईकडे निघालेली लोखंडी तार माळव्याच्या पठारावरून गेली आणि होळकरांच्या राजधानीत तार कचेरी आली. शेकडो मैल लांबीची धातूची तार उघड्या आभाळाखाली टांगणे म्हणजे आभाळातल्या विजेला घरात येण्याचे आवतण देणेच होते. हे धाडस करणारे विल्यम ब्रूक ओशॉनेसी व्यवसायाने अभियंते नव्हते, तर वैद्य होते. नवलाची गोष्ट अशी की, दारूगोळ्याच्या कोठारांना वीजरोधक दांडे जोडणे धोक्याचे आहे, असा सल्ला काही वर्षांपूर्वी याच गृहस्थांनी सरकारला दिला होता. धातूच्या एका दांड्याविषयी साशंक असलेला माणूस पुढे हजारो मैल लोखंड आभाळाखाली कसे उभे करतो, हा त्यांच्या चरित्रातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग आहे.

ओशॉनेसी यांचा जन्म १८०९ साली आयर्लंडमधल्या लिमरिक गावी झाला. एडिंबरा विद्यापीठातून १८२९ मध्ये ते वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडले. वैद्यकापेक्षा रसायनशास्त्राकडे त्यांचा ओढा अधिक होता. १८३१ साली इंग्लंडात कॉलऱ्याची साथ पोहोचली, तेव्हा बावीस वर्षांच्या या तरुणाने संडरलंडला जाऊन रुग्णांच्या रक्ताचे पृथक्करण केले. रोग्याच्या रक्तातले पाणी आणि क्षार मोठ्या प्रमाणावर निघून जातात, हे त्यांनी दाखवून दिले आणि जे गेले ते परत भरून काढावे, असे सुचवले. त्यांच्या या निष्कर्षाच्या आधारे १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील डॉक्टर थॉमस लाटा यांनी रुग्णांच्या शिरेतून क्षारयुक्त पाणी दिले. आज प्रत्येक इस्पितळात दिसणाऱ्या सलाईनच्या बाटलीचे मूळ तिथे आहे. मात्र एवढे काम करूनही लंडनमध्ये या तरुणाचा जम बसला नाही. १८३३ साली ईस्ट इंडिया कंपनीचे सहायक शल्यवैद्य म्हणून ते कलकत्त्याला आले.

दोनच वर्षांनी, १८३५ मध्ये, कलकत्त्याचे मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि ओशॉनेसी तिथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. या देशातल्या औषधी द्रव्यांकडे त्यांनी तुच्छतेने पाहिले नाही. वैद्य आणि हकीम भांग-गांजाचा उपयोग कसा करतात, याची चौकशी करून त्यांनी प्राण्यांवर आणि नंतर धनुर्वात, संधिवात, आचके अशा व्याधींच्या रुग्णांवर प्रयोग केले. १८३९ मध्ये त्यांनी ते विद्वानांपुढे मांडले आणि पाश्चात्त्य औषधशास्त्रात या वनस्पतीचा शिरकाव झाला. ओशॉनेसी यांची हीच पद्धत पुढेही दिसते. परदेशातून आलेले ज्ञान इथल्या मातीत जसेच्या तसे रुजेल, असे ते गृहीत धरत नसत; इथली हवा, इथली माणसे, इथल्या वस्तू पाहून ते त्याची नव्याने परीक्षा घेत.

विजेच्या बाबतीत तर अशा परीक्षेला पर्यायच नव्हता. घर्षणाने वस्तूत आकर्षणशक्ती येते, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहे. आपल्या भाषेतला तृणमणी हा शब्दच त्याची साक्ष देतो. कापडावर घासला असता गवताची काडी ओढून घेणारा तो मणी. याच मण्याच्या ग्रीक नावावरून विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० साली या शक्तीला नाव दिले आणि इंग्रजीतला विजेचा शब्द त्यातूनच घडला. पुढे काचेचे गोळे फिरवून, त्यांवर हात किंवा कातडे घासून ठिणग्या पाडणारी यंत्रे झाली. बेंजामिन फ्रँकलिन यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास आभाळातली वीज आणि यंत्रातली ठिणगी एकच असल्याचे प्रतिपादन केले आणि इमारतींच्या रक्षणासाठी टोकदार दांड्याची युक्ती सुचवली.

पदार्थ भारित होतो म्हणजे नेमके काय होते, हे ओशॉनेसी यांच्या काळी कोणालाच सांगता आले नसते, कारण इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ मध्ये लागला. आज आपण ते असे समजावून घेतो. प्रत्येक पदार्थात धन आणि ऋण भार समसमान असतात, म्हणून तो बाहेरून उदासीन दिसतो. दोन निराळे पदार्थ एकमेकांना टेकले की एकाच्या पृष्ठभागावरचे थोडे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. ते वेगळे झाले की गेलेल्यांपैकी काही तिकडेच राहतात. देणारा पदार्थ धनभारित होतो, घेणारा ऋणभारित. घासण्यात जादू नाही. घासल्याने स्पर्शाच्या जागा वाढतात आणि पुनःपुन्हा जुळतात-तुटतात, एवढेच. काच, केस, लोकर हे सहसा देणारे. रबर, टेरिलीन, प्लॅस्टिक हे सहसा घेणारे. कापूस जवळजवळ मधला. इलेक्ट्रॉनच जातात, की काही वेळा भारित अणू आणि पदार्थाचे सूक्ष्म कणही ये-जा करतात, यावर शास्त्रज्ञांचा वाद आजही चालू आहे. एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. हा भार निर्माण होणे थांबवता येत नाही. ज्या ज्या ठिकाणी दोन वस्तू भेटतात आणि दुरावतात, त्या त्या ठिकाणी तो थोडाफार जन्मतोच. ओल्या हवेत तो पाण्याच्या पापुद्र्यावरून निमूट निघून जातो. कोरड्या हवेत साचत राहतो आणि वाट मिळेल तिथे झेप घेतो. ज्या माणसाला त्याच्याबरोबर राहायचे आहे, त्याला त्याच्या वाटेचा विचार करावा लागतो.

ओशॉनेसी यांच्यापुढे तो विचार दारूगोळ्याच्या रूपाने आला. कंपनी सरकारची बंदुकीच्या दारूची कोठारे देशभर पसरली होती. त्यांवर वीज पडली तर काय होईल, हे सांगण्याची गरज नव्हती. कोठारांना वीजरोधक दांडे जोडावेत का, या प्रश्नावर ओशॉनेसी यांनी प्रतिकूल मत दिले. प्रचंड विद्युत्प्रवाह दांड्यातून जमिनीकडे जाताना वाटेतच बाजूच्या धातूवर उडी घेऊ शकतो, अशी त्यांना भीती होती. कोठारात खिळे, पत्रे, बिजागऱ्या असतात. एक बाजूची ठिणगी पुरेशी आहे. हा पत्रव्यवहार लंडनपर्यंत गेला. ज्यांनी जहाजांच्या डोलकाठ्यांमध्ये तांब्याच्या पट्ट्या बसवून आरमार विजेपासून सुरक्षित केले, त्या विल्यम स्नो हॅरिस यांचा दृष्टिकोन नेमका उलट होता. दांडा नसणे हाच खरा धोका, असे ते मानत. १८४० मध्ये या वादाची कागदपत्रे बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाली.

आज मागे वळून पाहता या वादात हॅरिस यांची बाजू खरी ठरली, असे म्हणावे लागते. तरीही ओशॉनेसी यांची शंका पोकळ नव्हती. दांड्यातली वीज बाजूला उडी मारते, हे खरेच आहे. चूक होती ती उपायात. दांडा टाळणे हा त्यावरचा उपाय नव्हे. सगळा धातू एकमेकांशी जोडून, त्याला जमिनीत खोल आणि ओल्या जागी नेऊन सोडणे हा उपाय. मायकेल फॅरडे यांनी १८३६ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बारा फुटी चौकोनी पिंजरा बांधून त्यावर विजेचा मारा केला आणि स्वतः आत राहून दाखवून दिले की, जोडलेल्या धातूच्या आवरणाच्या आत भाराचा परिणाम पोहोचत नाही. पुढे १८७६ मध्ये मॅक्सवेल यांनी दारूच्या कोठारांसाठी हाच पिंजऱ्याचा विचार मांडला. वीज अर्धवट जोडलेल्या धातूत उड्या मारते, पुरत्या जोडलेल्या धातूत मुकाट वाहते, हा तो धडा होता.

याच सुमारास ओशॉनेसी यांचे मन दुसऱ्या एका प्रयोगात गुंतले होते. १८३९ च्या उन्हाळ्यात हुगळीच्या काठी, शिबपूरच्या वनस्पती उद्यानात, त्यांनी बांबूंवर एकवीस मैल लांबीची तार गुंडाळत नेली आणि तिच्यातून संदेश पाठवून पाहिले. मंडलाचा काही भाग नदीच्या पाण्यातून नेला. संदेश वाचण्याचे साधन होते माणसाचे बोट. तारेच्या टोकाला धरलेल्या बोटाला बसणाऱ्या हलक्या झटक्यांवरून खुणा ओळखल्या जात. त्याच वर्षी इंग्लंडात कुक आणि व्हीटस्टन यांची तार रेल्वेच्या कडेने धावू लागली होती. मोर्स यांची वॉशिंग्टन ते बाल्टिमोर तार अजून पाच वर्षे दूर होती. म्हणजे कलकत्त्यातला हा प्राध्यापक जगाच्या बरोबरीने चालला होता. पण कंपनी सरकारने त्या प्रयोगात रस दाखवला नाही. काम थांबले. १८४३ मध्ये ओशॉनेसी रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि नंतर कलकत्त्याच्या टांकसाळीत रुजू झाले. तार मात्र जवळजवळ दहा वर्षे अडगळीत पडून राहिली.

ती बाहेर काढली लॉर्ड डलहौसी यांनी. १८५० मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर असा सुमारे तीस मैलांचा प्रायोगिक मार्ग मंजूर झाला आणि १८५१ मध्ये तो सुरू झाला. त्या कामी ओशॉनेसी यांचा उजवा हात होते टांकसाळीतले त्यांचे बंगाली सहायक शिवचंद्र नंदी. पाश्चात्त्य शिक्षण फारसे नसलेल्या या माणसाला त्यांनी तारविद्या शिकवली आणि डायमंड हार्बरच्या बाजूने संदेश पाठवण्याचा मान त्यांना मिळाला. भारतातल्या पहिल्या तारमास्तरांपैकी ते एक होत; पुढे त्यांना रायबहादूर हा किताब मिळाला. १८५२ च्या ब्रह्मदेशाच्या युद्धात रंगून पडल्याची वार्ता याच तारेने गव्हर्नर जनरलपर्यंत पोहोचली आणि तारेचे महत्त्व वेगळे पटवून देण्याची गरज उरली नाही. ओशॉनेसी तार खात्याचे पहिले अधीक्षक झाले.

नोव्हेंबर १८५३ मध्ये कलकत्त्याहून आग्र्याकडे काम सुरू झाले आणि २४ मार्च १८५४ रोजी आग्रा आणि कलकत्ता यांच्यातले आठशे मैल ओलांडून संदेश गेला. रेल्वे नव्हती, पूल नव्हते, प्रशिक्षित माणसे नव्हती. इंग्लंडातली बारीक तार इथे टिकणार नाही, हे ओलावा, माकडे, पक्षी आणि वादळे पाहून ओशॉनेसी यांनी ओळखले आणि जाड लोखंडी सळ्या वापरल्या. सुरुवातीच्या घाईत बऱ्याच ठिकाणी चिनी मातीच्या विसंवाहकांशिवायच तारा खांबांवर चढल्या. जाड सळीतून प्रवाह सुलभ वाहतो, तेव्हा थोडी गळती चालेल, असा त्यांचा हिशेब होता. आग्र्यापासून मुंबईकडचा मार्ग मुख्यतः आग्रा-मुंबई रस्त्याच्या आधाराने गेला. चंबळ ओलांडली की माळवा लागतो आणि माळव्याच्या पठारावर इंदूर. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इथे स्थिरावली होती. रेसिडेन्सी इथे होती, महूची लष्करी छावणी हाकेच्या अंतरावर होती. उत्तर हिंदुस्थान आणि मुंबई यांच्यामधला हा महत्त्वाचा टप्पा ठरला.

माळव्याच्या पठारावर तार टांगली की ती स्थिर विद्युतेच्या सगळ्या खेळांत सामील होते. चैत्र-वैशाखात कोरडी धूळ वाऱ्यावर उठते. धुळीचे कण एकमेकांवर आणि तारेवर आपटून भार सोडतात. ज्येष्ठाच्या अखेरीस ढग येतात. ढगाच्या पोटात बर्फाचे बारीक स्फटिक आणि गारांचे मऊ गोळे एकमेकांवर आदळतात, स्फटिक भार घेऊन वर जातात, गोळे उलट भार घेऊन खाली राहतात. स्वेटर आणि सदऱ्याचाच हा प्रकार, फक्त तो मैलोन्‌मैल उंचीच्या मनोऱ्यात घडतो. ढगाचा तळ बहुधा ऋणभारित असतो. त्याच्या खाली पसरलेल्या तारेतले इलेक्ट्रॉन दूर ढकलले जातात आणि तारेवर धनभार ओढून धरला जातो. ढगाने तारेला स्पर्शही केलेला नसतो. या क्रियेला प्रवर्तन म्हणतात. मग मैलभर अंतरावर कुठेतरी वीज पडते आणि ढगाचा भार क्षणात नाहीसा होतो. आतापर्यंत धरून ठेवलेला तारेवरचा भार एकाएकी मोकळा होतो आणि लाटेसारखा दोन्ही दिशांना धावत सुटतो. त्या लाटेच्या वाटेवर तारमास्तर बसलेला असतो. तारेवर वीज पडावीच लागते असे नाही. शेजारच्या शिवारातली वीजही यंत्राजवळच्या माणसाला इजा करू शकते.

यंत्राचीही तीच गत. तारायंत्रातली चुंबकसूची ही नाजूक वस्तू. विजेचा लोंढा तिच्याभोवतीच्या वेटोळ्यातून गेला की तिचे चुंबकत्व नाहीसे होते किंवा उलटते, बारीक तारा वितळतात. ओशॉनेसी यांनी विलायतेतली महागडी यंत्रे बाजूला ठेवून इथल्या कारागिरांना घडवता येईल, बिघडल्यास जागच्या जागी नीट करता येईल, असे साधे सूचीयंत्र रचले. विजेपासून बचावाला त्यांनी आपल्या व्यवस्थेत जागा दिली. तारेपासून केसभर अंतरावर धातूचा दुसरा तुकडा बसवायचा आणि तो जमिनीला जोडायचा, हे अशा तडितरक्षकाचे तत्त्व. संदेशाचा दाब अल्प, त्याला ती फट ओलांडता येत नाही, तो यंत्रात जातो. आभाळातल्या भाराचा दाब अफाट, तो फट ओलांडून जवळच्या वाटेने जमिनीत उतरतो. एकाच तारेतून आलेल्या दोन पाहुण्यांना दोन निराळी दारे दाखवायची, असा हा प्रकार.

आणि ते दुसरे दार उघडे राहणे जमिनीवर अवलंबून असते. माळव्याची काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी मऊ आणि ओली. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, खाली काळा पाषाण. कोरडी माती आणि खडक वीज नीट घेत नाहीत. पृथ्वीत पुरलेला पत्रा पावसाळ्यात काम करेल, पण पहिल्याच वळवाच्या दिवशी, माती अजून तहानलेली असताना, तोच पत्रा फसवू शकतो. म्हणूनच असा पत्रा ओल न आटणाऱ्या जागी, शक्य तर विहिरीजवळ, खोल पुरतात. आपण अर्थिंग म्हणतो ते हेच. दारूच्या कोठाराच्या वादात जो धडा कागदावर राहिला होता, तो तारेच्या कामात रोजचा व्यवहार झाला. ओशॉनेसी यांनी आपले जुने मत कधी जाहीरपणे मागे घेतले की नाही, याला फारसे महत्त्व नाही. हजारो मैल लोखंड आभाळाखाली उभे करून त्यांनी कृतीनेच निराळे उत्तर दिले होते.

फेब्रुवारी १८५५ मध्ये तार जनतेसाठी खुली झाली. सोळा शब्दांना, दर चारशे मैलांस एक रुपया, असा दर होता. १८५६ च्या आरंभापर्यंत सुमारे चार हजार मैल तारा झाल्या आणि त्याच वर्षी ओशॉनेसी यांना सर हा किताब मिळाला. इंदूरच्या कापूस-अफूच्या व्यापाऱ्याला मुंबईचा भाव दिवसांऐवजी तासांत कळू लागला. पण ही तार मुळात घातली गेली होती राज्य राखण्यासाठी, हे विसरून चालणार नाही. मे १८५७ मध्ये मेरठच्या उठावाची बातमी आग्र्याहून याच मार्गाने दक्षिणेकडे धावली. १ जुलै रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि हंगामी एजंट ड्युरंड यांना शहर सोडावे लागले. देशात ठिकठिकाणी उठावकऱ्यांनी तारा तोडल्या, खांब उपटले. ज्या वस्तूने ढगांचा मारा सोसला, तिला माणसांच्या रागापुढे टिकता आले नाही. त्या वेळी ओशॉनेसी भारतात नव्हते. परत आल्यावर मोडलेले मार्ग पुन्हा उभे करण्यात त्यांची अखेरची वर्षे गेली.

प्रकृती ढासळल्यामुळे १८६० च्या सुमारास त्यांनी हा देश कायमचा सोडला. १८६१ पासून ते ब्रूक हे आडनाव लावू लागले आणि हळूहळू सार्वजनिक जीवनातून दिसेनासे झाले. ८ जानेवारी १८८९ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील साउथसी येथे त्यांचे निधन झाले. तोवर त्यांच्या जाड सळ्यांची जागा विसंवाहकांवर बसवलेल्या तारांनी आणि त्यांच्या सूचीयंत्राची जागा मोर्सच्या यंत्राने केव्हाच घेतली होती. सलाईन, गांजाचे औषध आणि तार या तीन निरनिराळ्या क्षेत्रांत पाऊल टाकलेल्या माणसाला तिन्ही क्षेत्रे विसरली. कदाचित फार लवकर पुढे गेलेल्यांचे असेच होत असावे. १५ जुलै २०१३ रोजी भारतीय तारसेवा बंद झाली, तेव्हा निरोपाच्या लेखांमधून त्यांचे नाव काही दिवस पुन्हा ऐकू आले.

तार गेली, पण तिने शिकवलेली गोष्ट गेलेली नाही. इंदूरजवळच्या मांगलिया येथील तेल आगारात टँकर भरण्यापूर्वी त्याला तांब्याच्या तारेचा चिमटा लावतात. आपल्याकडे वास्कोहून निघणाऱ्या टँकरलाही तोच नियम. पेट्रोल नळीतून वाहताना नळीच्या आतल्या पृष्ठभागाला स्पर्श करते, सुटते आणि स्वेटरसारखेच भारित होते. टँकर रबरी चाकांवर उभा असल्यामुळे तो भार जमिनीत जात नाही. माणसाच्या बोटातून निघणारी ठिणगीसुद्धा पेट्रोलची वाफ पेटवायला पुरेशी असते. तो साधा चिमटा म्हणजे इंदूरच्या तार कचेरीतल्या पुरलेल्या पत्र्याचा वारस आहे. कंटाळा म्हणून किंवा घाईत तो न लावणाऱ्याला आजवर शंभरदा काही झाले नसेल. कोरड्या हवेच्या एका दिवशी होऊ शकते.

आणि आपल्या गोव्यात हवा दमट आहे म्हणून विजेशी आपले काही देणेघेणे नाही, असेही नाही. लहान ठिणग्या आपल्याला भेटत नाहीत, एवढाच त्या ओलाव्याचा उपकार. पावसाळ्याच्या तोंडावर आणि दसरा-दिवाळीच्या आसपास दुपारनंतर चढणाऱ्या ढगांत माळव्यावरच्या ढगांइतकाच भार असतो. अशा वेळी उंच माडाखाली आसरा घेणे हे अर्धवट धातू असलेल्या कोठारात बसण्यासारखे आहे. माडात शिरलेली वीज बाजूच्या माणसावर उडी घेते, ही ओशॉनेसी यांनी ओळखलेली भीती तंतोतंत खरी आहे. त्यापेक्षा काचा लावलेली मोटार बरी. तिचा पत्रा फॅरडे यांच्या पिंजऱ्याचे काम करतो. शेतघराला दांडा बसवायचा असेल तर तो नुसता वर चढवून भागत नाही. त्याची पट्टी न तुटता खाली यायला हवी, घरातला मोठा धातू तिला जोडलेला हवा आणि तिचे टोक उन्हाळ्यातही ओल राहील अशा जमिनीत पोहोचायला हवे. पावसाळा सुरू होण्याआधी एखाद्या जाणकाराकडून ते टोक तपासून घ्यावे; वर दिसणारा दांडा चकचकीत असला, तरी जमिनीखाली पट्टी गंजून तुटलेली असू शकते.